बादल्यांपाशी कोण थांबलं?

या अंकासाठी आलेली बरीचशी पत्रं एकाच पुस्तकाबद्दल, त्यातही दोन डुकरांबद्दल आहेत. पुस्तक म्हणजे जॉर्ज ऑर्वेलचं ‘अ‍ॅनिमल फार्म’. दहा प्रकरणांची ही छोटी कादंबरी ऑगस्ट १९४५मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. ज्यांनी ती वाचून वर्षं लोटली त्यांच्यासाठी कथा एवढीच सांगतो : मेजर नावाचा म्हातारा वराह जनावरांना बंडाचं स्वप्न देऊन मरतो, जनावरं मालक जोन्सला हाकलतात, आणि कारभार डुकरांकडे येतो. डुकरांमध्ये पुढारी दोन, स्नोबॉल आणि नेपोलियन. पाचव्या प्रकरणात स्नोबॉलला शेतावरून पळून जावं लागतं, नेपोलियन सर्वेसर्वा होतो. त्याची बाजू मांडायला स्क्वीलर नावाचं गुबगुबीत, गोड बोलणारं डुक्कर आहे.

परळहून एक शिक्षिका लिहितात : अकरावी-बारावीच्या मुलांना या दोघांची तुलना करायला सांगितली की ‘स्नोबॉल चांगला, नेपोलियन वाईट’ यापुढे पेन सरकत नाही. कसं शिकवावं?

मुलं तुलना करतच नाहीत. ती दोन स्वभावचित्रं लिहितात आणि मध्ये ‘याउलट’ घालतात. अर्धं पान स्नोबॉल, अर्धं पान नेपोलियन. यावर उपाय म्हणजे आधी निकष ठरवून द्यायचा आणि एका परिच्छेदात एकाच निकषावर दोघांनाही उभं करायचं. पाच निकष पुरतात : बोलणं, काम, शिक्षण, शत्रूशी वागणूक आणि खाणं. प्रत्येकासाठी पुस्तकातला एक तरी प्रसंग हवा, विशेषणं नकोत.

बोलण्याचं उदाहरण घ्या. रविवारच्या सभेत स्नोबॉल भाषणाने बहुमत जिंकतो. नेपोलियन सभा नसताना एकेकाला गाठून पाठिंबा गोळा करतो, आणि त्याला सर्वांत जास्त यश मेंढ्यांमध्ये मिळतं. शिक्षणाचा निकष मुलांना हमखास चकवतो, कारण दोघंही शिक्षणाचे कैवारी आहेत. स्नोबॉल सगळ्या जनावरांसाठी लिहिण्या-वाचण्याचे वर्ग काढतो. नेपोलियनचं म्हणणं असं, की मोठ्यांसाठी काही करण्यापेक्षा लहानांचं शिक्षण महत्त्वाचं. ऐकायला किती छान! मग जेसी आणि ब्लूबेल या कुत्र्यांना झालेली नऊ पिल्लं, दूध सुटताच, तो उचलून पोटमाळ्यावर नेतो. तिथे फक्त शिडीने जाता येतं. थोड्याच दिवसांत बाकीची जनावरं त्या पिल्लांना विसरून जातात.

आणखी एक सापळा मुलांना दाखवा. दुसऱ्या प्रकरणात दोघांची ओळख होते तेव्हा स्नोबॉल जास्त चपळ, बोलका आणि कल्पक आहे, पण नेपोलियनइतका ‘खोल’ मानला जात नाही, असं वाक्य येतं. बहुतेक उत्तरांत हे लेखकाचं मत म्हणून उतरवलेलं असतं. ‘मानला जात नाही’ याचा कर्ता कोण? शेतावरची जनावरं. जो फार बोलत नाही तो खोल, हा त्यांचा समज. हुशार मुलांना हे एकच वाक्य देऊन तासभर बोलतं करता येईल.

गिरगावातून एक विद्यार्थी विचारतो : स्नोबॉल लढाईत शूर, भाषणात पटाईत, योजना आखण्यात पुढे. मग तो हरला कसा?

मत घेतलं असतं तर तो हरला नसता. ती सभा पुन्हा वाचा. पवनचक्की बांधायची की नाही यावर मतदान व्हायचं असतं. घोषणाही ठरलेल्या असतात : ‘स्नोबॉलला मत म्हणजे तीन दिवसांचा आठवडा’ आणि ‘नेपोलियनला मत म्हणजे भरलेली गव्हाण’. स्नोबॉल मेंढ्यांच्या बें-बेंमधूनही आपली बाजू मांडतो. नेपोलियन उठतो, पवनचक्की हा मूर्खपणा आहे, कुणी मत देऊ नये, असं शांतपणे सांगतो आणि बसतो. जेमतेम तीस सेकंद. आपल्या बोलण्याचा परिणाम काय झाला याचीही त्याला फिकीर दिसत नाही. स्नोबॉल पुन्हा उठून असं बोलतो, की मत कुठे जाणार याबद्दल शंकाच उरत नाही. त्याच क्षणी नेपोलियन उभा राहतो, स्नोबॉलकडे तिरकं बघतो आणि पूर्वी कधी कुणी ऐकला नव्हता असा चिरका आवाज काढतो. पितळी खिळ्यांचे पट्टे घातलेली नऊ दांडगी कुत्री आत घुसतात. स्नोबॉल कुंपणाच्या भोकातून, दोन-चार इंचांच्या फरकाने, निसटतो.

म्हणजे नेपोलियनने वाद जिंकला नाही, वाद जिंकण्याची गरजच काढून टाकली. तीस सेकंदांच्या भाषणाकडे आळस म्हणून पाहू नका. ज्याच्याकडे माळ्यावर नऊ कुत्री तयार आहेत त्याला तासभर बोलायचं कारण काय?

आता स्नोबॉलची चूक. तिसऱ्या प्रकरणात त्याचा वेळ कुठे जातो पाहा. कोंबड्यांसाठी अंडी-उत्पादन समिती, गाईंसाठी स्वच्छ शेपटी संघ, मेंढ्यांसाठी शुभ्र लोकर चळवळ, शिवाय उंदीर आणि सशांना माणसाळवण्याची (खरं तर जनावराळवण्याची) समिती. वाचन-लेखनाचे वर्ग सोडले तर सगळी बोलाचीच कढी. नेपोलियन या समित्यांकडे ढुंकूनही पाहत नाही, त्या वेळात तो एकच गोष्ट वाढवतो.

पण समित्यांपेक्षा मोठी चूक दुसरी आहे, आणि ती सहसा नजरेतून सुटते. बंडानंतर शेताचा कायदा म्हणून भिंतीवर सात आज्ञा लिहिलेल्या असतात. मेंढ्या, कोंबड्या, बदकं यांना त्या पाठ होईनात, तेव्हा त्या सगळ्यांचं सार एका ओळीत कोण आणतो? स्नोबॉल. ‘चार पाय चांगले, दोन पाय वाईट.’ पक्षी कुरकुरतात, तर पंख हा हाताळण्याचा नव्हे, पुढे जाण्याचा अवयव आहे, म्हणून तो पायच धरावा, असं तर्कशुद्ध उत्तरही तो देतो. ओळ आज्ञांच्या वर, आणखी मोठ्या अक्षरांत रंगवली जाते. मेंढ्यांना ती इतकी आवडते, की कुरणात पडल्या पडल्या तासन्‌तास तेच चालू. आणि पाचव्या प्रकरणात स्नोबॉलचं भाषण ऐन मुद्द्यावर आलं की मेंढ्या हीच ओळ सुरू करतात. त्याचा आवाज बुडवायला नेपोलियनला नवीन काही शोधावं लागलं नाही. घोषणा तयार होती, पाठ झालेली होती आणि ती स्नोबॉलनेच दिलेली होती.

सात आज्ञांचंही तसंच. डांबर फासलेल्या भिंतीवर, तीस यार्डांवरून वाचता येतील अशा पांढऱ्या अक्षरांत त्या लिहितो स्नोबॉल. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर रंगाचं भांडं धरून उभा असतो स्क्वीलर. आठव्या प्रकरणात एका चांदण्या रात्री मोडकी शिडी, ब्रश आणि सांडलेला पांढरा रंग यांच्याशेजारी आडवा पडलेला सापडतो तोही स्क्वीलरच. आज्ञा गुपचूप बदलण्याची कला तो शिडीखाली उभं राहून शिकला.

मुंबईत ज्यांनी गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा पाहिली आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. आराखडे घेऊन येणारा एक असतो. सभेच्या आधी चार दिवस घरोघर चहा पिऊन आलेला दुसरा असतो. आणि इतिवृत्ताची वही तिसऱ्याच्याच हातात असते.

दादरच्या वाचन मंडळातून : पवनचक्कीची कल्पना नक्की कुणाची, यावर आमच्यात दोन तट पडले आहेत.

स्नोबॉलची. ‘विटांचं बांधकाम स्वतः करा’, ‘विजेची तोंडओळख’ अशा धर्तीच्या तीन पुस्तकांवरून त्याने आराखडा केला. तीही जोन्सचीच. अंडी उबवण्याच्या जुन्या शेडच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर त्याने तो खडूने काढला. नेपोलियन एकदा आला, हुंगलं, त्यावर मुतला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. स्नोबॉलला हाकलल्यावर तिसऱ्याच रविवारी त्याने पवनचक्की बांधायची असं जाहीर केलं. कल्पना मूळची नेपोलियनचीच, स्नोबॉलने त्याच्या कागदांतून आराखडा चोरला होता, विरोध हा नुसता डाव होता, असं स्क्वीलरने समजावलं. आयत्या बिळावर नागोबा, वर बीळ आपणच खणल्याचा दाखला.

तुमच्यातला दुसरा तट बहुधा शेवटाकडे बोट दाखवत असेल, आणि तिथे त्यांचं थोडं बरोबर आहे. दहाव्या प्रकरणात जी पवनचक्की उभी असते ती स्नोबॉलची नाही. त्याला वीज हवी होती : गोठ्यांत दिवे, कडबा कापायचं यंत्र, दूध काढायचं यंत्र, आणि त्यातून वाचलेल्या श्रमांचा तीन दिवसांचा आठवडा. प्रत्यक्षात ती धान्य दळते आणि पैसे मिळवते. तीन दिवसांच्या आठवड्याचं नावही कुणी काढत नाही. एक गोष्ट मात्र स्नोबॉलच्या खात्यात मांडायला हवी. सगळं काम वर्षात होईल असं तो म्हणत होता. नेपोलियनने दोन वर्षं धरली, आणि पहिली चक्की नोव्हेंबरच्या वादळात कोसळली, कारण भिंती फक्त अठरा इंच जाड होत्या. पुढच्या खेपेला त्या तीन फूट जाड धरल्या. स्नोबॉलचा वर्षाचा हिशोब हा खडूवरचा हिशोब होता.

त्याच मंडळातून आणखी एक : स्नोबॉल अर्ध्या पुस्तकातच जातो, मग त्याचं नाव शेवटपर्यंत का येत राहतं?

कारण गेलेला स्नोबॉल नेपोलियनला हजर स्नोबॉलपेक्षा जास्त उपयोगी पडतो. त्याची बदनामी एका झटक्यात होत नाही. मंडळात वाचताना पायऱ्या फळ्यावर लिहून काढा. पाचव्या प्रकरणात तो नुसता ‘गुन्हेगारापेक्षा वेगळा नाही’. गोठ्याच्या लढाईत, म्हणजे जोन्स शेत परत घ्यायला चालून आला तेव्हा, तो शूर होता असं कुणी म्हणतं, तर शौर्य पुरेसं नाही, निष्ठा महत्त्वाची, हे उत्तर. सहाव्यात पडलेली पवनचक्की त्याच्या नावावर जाते आणि त्याला मृत्युदंड जाहीर होतो. सातव्यात तो रात्री चोरून येतो असं ठरतं. कोठाराची किल्ली हरवली, तर त्यानेच विहिरीत टाकली. पुढे किल्ली पिठाच्या पोत्याखाली सापडते, तरी जनावरं आपल्या म्हणण्यावर ठाम! मग तो पहिल्यापासून जोन्सचा हेर होता, हे ‘कागदपत्रांवरून’ कळतं. आठव्यात त्याला वीरपदक मिळालंच नव्हतं, उलट भ्याडपणाबद्दल ठपका बसला होता. नवव्यात तो उघडपणे माणसांच्या बाजूने लढला होता, आणि पाठीवरच्या जखमा छर्‍यांच्या नव्हत्या, नेपोलियनच्या दातांच्या होत्या.

प्रत्येक पायरी मागचीपेक्षा थोडीशीच वर आहे. ‘दातांच्या जखमा’ पाचव्या प्रकरणात सांगितल्या असत्या तर ज्यांनी लढाई डोळ्यांनी पाहिली ती जनावरं हसली असती. हेराची गोष्टसुद्धा बॉक्सर घोड्याला पटत नाही. तो तसं बोलूनही दाखवतो. कॉम्रेड नेपोलियननेच हे निःसंदिग्धपणे सांगितलंय, असं ऐकल्यावर मात्र तो मान तुकवतो. स्क्वीलर जाता जाता त्याच्याकडे वाईट नजरेने बघतो. चार दिवसांनंतरच्या सभेत तीन कुत्री बॉक्सरवर धावून जातात. हे दोन प्रसंग दोन-तीन पानांच्या अंतरावर आहेत, म्हणून सलग वाचावे.

स्नोबॉल कुठे लपलाय हेही सोयीने बदलतं. फ्रेडरिक आणि पिल्किंग्टन हे शेजारचे दोन शेतमालक. फ्रेडरिकशी सौदा जमत आला की तो पिल्किंग्टनच्या शेतावर, पिल्किंग्टनशी जमत आलं की फ्रेडरिककडे.

मुलुंडहून एक निवृत्त वाचक : स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, नेपोलियन म्हणजे स्टालिन, हे सगळेच सांगतात. पण ही जोडी कुठे बसत नाही?

बसते ते आधी. कथा रशियन क्रांतीचं रूपक आहे. ट्रॉट्स्की लाल सेनेचा संघटक, वक्ता आणि लेखक. स्टालिन एप्रिल १९२२पासून पक्षाचा सरचिटणीस, म्हणजे नेमणुका त्याच्या हातात. क्रांती देशोदेशी पेटवावी की आधी एका देशात समाजवाद उभारावा, हा वाद पुस्तकात ‘कबुतरं पाठवा’ विरुद्ध ‘बंदुका मिळवा’ असा आला आहे. झपाट्याने उद्योगीकरण करा असं ट्रॉट्स्कीचा गट म्हणत होता. त्याला बाजूला सारल्यावर स्टालिनने १९२८मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू केली. पवनचक्की ती हीच.

आता न बसणारं. शेतावर लेनिन नाही. मेजर हा मार्क्सकडे झुकतो, त्याची कवटी मात्र पुढे लेनिनच्या देहासारखी दर्शनाला ठेवली जाते. तो बंडाच्या आधीच मरतो, त्यामुळे दोन डुकरांच्या डोक्यावर कुणीच नाही. रशियात लेनिन जानेवारी १९२४पर्यंत होता, आणि स्टालिनला सरचिटणीसपदावरून हलवा असं त्याने लिहूनही ठेवलं होतं. स्नोबॉल एका सकाळी जातो. ट्रॉट्स्कीला पक्षातून काढलं नोव्हेंबर १९२७मध्ये, अल्मा-आताला धाडलं १९२८मध्ये, देशाबाहेर घालवलं १९२९मध्ये, आणि ऑगस्ट १९४०मध्ये मेक्सिकोत त्याचा खून झाला. स्नोबॉलचं पुढे काय झालं हे पुस्तक सांगत नाही.

सगळ्यात महत्त्वाची विसंगती क्रोनश्टाट या रशियन नौदल-तळाची. तिथल्या नौसैनिकांचं बंड मार्च १९२१मध्ये चिरडलं गेलं तेव्हा युद्धखातं ट्रॉट्स्कीकडे होतं. ऑर्वेलने डिसेंबर १९४६च्या एका पत्रात स्पष्ट केलं आहे, की डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःसाठी ठेवतात तिथे कथा वळते, आणि त्यापुढे कंसात क्रोनश्टाटचं नाव घातलं आहे. स्टालिन सत्ता बळकावतो तिथे ती वळत नाही. तुमच्याकडच्या मार्गदर्शिकेत पाचवं प्रकरण हा कळसाध्याय म्हणून दिला असेल, तर ते तपासून पाहा.

आणखी एक बारकावा. पुन्हा बांधलेली पवनचक्की सुरुंगाने उडवली जाते तेव्हा सगळी जनावरं जमिनीवर पालथी पडतात, ‘नेपोलियन सोडून’. मूळ मजकुरात नेपोलियनही पडत होता. जर्मन सैन्य जवळ आलं तरी स्टालिन मॉस्को सोडून गेला नाही, हे त्याच्यावर अन्याय न करता मांडायचं म्हणून ऑर्वेलने मार्च १९४५मध्ये ते शब्द बदलून घेतले.

बोरिवलीचा एक हौशी नाट्यगट : पाचव्या प्रकरणावर ४० मिनिटांची एकांकिका बसवतोय. नट नऊ. कुत्री आणि मेंढ्या कशा दाखवाव्यात? हक्कांचं काय?

ऑर्वेलचं निधन जानेवारी १९५०चं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे मूळ इंग्रजी मजकूर २०१०च्या अखेरीस भारतात मोकळा झाला. छापील मराठी अनुवाद वापरणार असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा, त्याची लेखी परवानगी घ्या. नाहीतर मुळावरून स्वतः रूपांतर करा. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

नऊ नट असे वाटा : स्नोबॉल, नेपोलियन, स्क्वीलर, बॉक्सर, बेंजामिन गाढव, तीन मेंढ्या, एक कोंबडी. तीन मेंढ्यांचेच नट पुढे कुत्री होऊ शकतात, पण तसं करायचं तर मेंढ्या भाषण संपायच्या आधी विंगेत गेल्या पाहिजेत, आणि त्यांची बें-बें तिथूनच चालू राहिली पाहिजे. नऊ कुत्री रंगमंचावर आणायच्या भरीस पडू नका. गुरगुरणं प्रेक्षागृहाच्या मागच्या दारातून आणा, तीन कुत्री दोन्ही विंगांतून. मुखवटे नाकापर्यंतचेच ठेवा. पूर्ण मुखवट्यात शब्द गुदमरतात आणि हे नाटक शब्दांवर उभं आहे. आराखडा रांगोळीने काढायचा मोह होईल, पण पाठलागात पाय घसरतील. काळ्या कापडावर खडू बरा.

इथे हमखास बिघडतात त्या तीन गोष्टी. एक, नेपोलियन ओरडतो. त्याचं भाषण घड्याळ लावून तीस सेकंदांत बसवा, आवाज न चढवता. स्नोबॉलचं चार मिनिटं. दोन, मेंढ्या सतत बें-बें करतात, मग ती नुसती गंमत होते. स्नोबॉल आकडा किंवा कारण सांगायला तोंड उघडतो, नेमक्या त्या क्षणी त्यांनी सुरू करायचं आणि मुद्दा निघून गेला की थांबायचं. प्रेक्षकाला तिसऱ्या वेळेला कळतं, की हे आपोआप होत नाहीये. तीन, स्नोबॉल पळाला की अंधार करतात. तसं करू नका. कुत्री परत यायला हवीत, नेपोलियनच्या पायाशी बसून शेपटी हलवायला हवीत, पूर्वी जोन्ससमोर कुत्री हलवायची तशी. पुस्तकात हे वाक्य आहे, तेच शेवटचं दृश्य ठेवा.

पात्रांना आजच्या नेत्यांच्या लकबी देऊ नका. प्रेक्षक चाळीस मिनिटं कोण कुणासारखा दिसतो हे ओळखण्यात घालवतात आणि मेंढ्यांकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

विलेपार्ल्याहून : स्नोबॉल राहिला असता तर शेत सुखी झालं असतं का?

काही गोष्टी नक्की वेगळ्या झाल्या असत्या. रविवारची सभा राहिली असती, कारण तो सभेत जिंकणारा होता. भिंतीवरच्या आज्ञा वाचू शकणारे वाढले असते. मात्र तो मऊ मनाचा होता असं समजू नका. तबेल्यातला पोरगा आपल्या लाथेने मेला या समजुतीने बॉक्सर रडवेला होतो, तेव्हा जखमांतून रक्त गळत असलेला स्नोबॉल त्याला सुनावतो, की भावनाविवश होऊ नकोस, मेलेला माणूस हाच चांगला माणूस.

दुधाचा प्रसंग मात्र दोनदा वाचा. बंडाच्या दुसऱ्या दिवशी पाच बादल्या फेसाळ दूध निघतं. या दुधाचं काय करायचं, असं कुणीतरी विचारतं. नेपोलियन बादल्यांसमोर येऊन उभा राहतो : दुधाचं बघून घेऊ, गवत कापायचं महत्त्वाचं, कॉम्रेड स्नोबॉल पुढे नेतील, मी येतोच. स्नोबॉल सगळ्यांना घेऊन कुरणाकडे जातो. संध्याकाळी परत येतात तेव्हा दूध नाहीसं झालेलं असतं. पुढच्या प्रकरणात कळतं, की ते रोज डुकरांच्या आंबोणात जातं. झाडाखाली पडलेली सफरचंदंही त्यांचीच, असा हुकूम निघतो. काही जनावरं कुजबुजतात, पण उपयोग होत नाही, कारण या बाबतीत सगळ्या डुकरांचं एकमत होतं, ‘स्नोबॉल आणि नेपोलियन यांचंसुद्धा’. प्रत्येक मुद्द्यावर भांडणारे हे दोघे, त्यामुळे लेखकाला तिथे ‘सुद्धा’ घालावं लागलं.